पोलादाचे वार्धक्य

लोखंड व पोलाद हे पदार्थ आपल्या भाषेत कणखरपणाचे प्रतीक होऊन बसले आहेत. एखाद्याची प्रकृती चांगली असली म्हणजे तिला आपण पोलादी म्हणतो, आणि निश्चय अढळ असला तर तोही पोलादीच ठरतो. लोखंड गंजते हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु गंज हा बाहेरून येणारा शत्रू आहे, तो डोळ्यांना दिसतो आणि रंगाचा एक हात देऊन त्याला काही काळ थोपविताही येते. पोलादाच्या पोटात, गंजाचा स्पर्शही नसताना, वर्षानुवर्षे चालणारा आणखी एक बदल आहे. तो केवळ उष्णतेमुळे व काळामुळे होतो, आणि जेथे दोन तुकडे वितळवून जोडलेले असतात तेथे तो सर्वांत आधी घातक ठरतो. त्या बदलाची ओळख विद्यार्थिमित्रांना करून द्यावी, हा या लेखाचा हेतू आहे.

हा विषय आपल्यापासून दूरचा नाही. राजपुऱ्यात व एकंदर बऱ्हाणपुरात यंत्रमाग ज्या विजेवर चालतात, आपण ज्या दिव्याखाली अभ्यास करतो, ती वीज बऱ्याच अंशी कोळशाच्या उष्णतेपासून निर्माण होते. उत्तरेस खंडवा जिल्ह्यात इंदिरा सागर जलाशयाच्या पाण्यावर चालणारे, निमाडच्या संत सिंगाजींचे नाव धारण करणारे श्री सिंगाजी औष्णिक वीजकेंद्र आहे. त्याचे पहिले दोन संच २०१४ साली सुरू झाले. दक्षिणेस रेल्वेने तासाभराच्या अंतरावर भुसावळ लागते. त्याच्या जवळच दीपनगर येथे महाराष्ट्राचे मोठे औष्णिक केंद्र असून तेथे ५०० मेगावॉटचे दोन संच आहेत. अशा प्रत्येक केंद्राचे हृदय म्हणजे वाफेचे टर्बाइन होय.

टर्बाइनची कल्पना फार सोपी आहे. भाताच्या पातेल्यावरचे झाकण वाफेने उचलले जाते, हे आपण घरी पाहतोच. तीच वाफ बंद बॉयलरमध्ये प्रचंड दाबाखाली आणून, जाड नळांतून नेऊन, एका लांब दांड्यावर बसविलेल्या शेकडो पात्यांवर सोडली की दांडा गरगर फिरू लागतो. त्याला जोडलेले जनित्र फिरते आणि वीज निर्माण होते. आपल्या देशात हा दांडा मिनिटाला ३००० फेरे घेतो. ५०० मेगावॉटच्या संचात वाफेचा दाब हवेच्या दाबाच्या सुमारे १७० पट, तर तापमान सुमारे ५४० अंश सेल्सिअस असते. ६६० मेगावॉटच्या नव्या धर्तीच्या संचांत ते याहूनही वर जाते. कोणताही घन पदार्थ सुमारे ५२५ अंशांपर्यंत तापला की काळोखात मंद लाल दिसू लागतो. तेव्हा वाफेच्या मुख्य नळावरचे उष्णतारोधक आवरण काढून दिवे मालविले, तर तो नळ अंधारात किंचित आरक्त दिसेल. अशा अवस्थेत त्याने दिवसरात्र दाब सोसावयाचा असतो, आणि तोही एकदोन दिवस नव्हे, तर वीस-पंचवीस वर्षे.

साधे पोलाद या परीक्षेत टिकत नाही. म्हणून त्यात क्रोमियम, मॉलिब्डेनम, व्हॅनेडियम या धातूंचे अल्प प्रमाण मिसळतात. पोलादाचा तुकडा घासून आरशासारखा चकचकीत केला, त्यावर सौम्य आम्ल फिरविले आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर तो एकसंध नसून असंख्य बारीक कणांचा बनलेला आहे असे दिसते. कणाला कण बिलगून बसलेला असतो आणि दोन कणांच्या मध्ये एक रेषा असते. तिला कणसीमा म्हणावे. कणांच्या आत व सीमांवर कार्बन आणि वरील धातू यांच्या संयोगाने झालेले अतिसूक्ष्म कठीण ठिपके विखुरलेले असतात. त्यांना कार्बाइड म्हणतात. पोलादाचे कण ताणाखाली सरकू पाहतात, तेव्हा हे ठिपके शेतातल्या दगडांप्रमाणे त्यांच्या वाटेत आडवे येतात. गरम पोलादाचे बळ मुख्यतः या ठिपक्यांच्या बारीकपणावर व दाटीवर अवलंबून असते. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली तर पुढचे सारे समजण्यास सोपे जाईल.

आता सांध्याकडे वळू. टर्बाइनचे सर्व भाग एकाच ओतकामातून निघत नाहीत. वाफ आणणारा नळ झडपांच्या पेटीला आणि पेटी टर्बाइनच्या कवचाला वेल्डिंगने जोडलेली असते. वाफेला दिशा देणाऱ्या स्थिर चकत्याही वेल्डिंगने तयार होतात. स्वित्झर्लंडमधील ब्राऊन बोव्हेरी या कारखान्याने तर फिरता दांडाच वेगवेगळ्या चकत्या एकमेकींना वितळवून जोडून बनविण्याची पद्धत रूढ केली. याखेरीज जुन्या कवचाला तडा गेला म्हणजे तो कोरून काढून तेथे नवे धातू भरले जाते. तोही एक सांधाच होय.

वेल्डिंग करताना सांध्याच्या जागी धातू सुमारे दीड हजार अंशांवर वितळतो आणि पाहता पाहता थिजतो. पण उष्णता तेवढ्यापुरती राहत नाही, ती दोन्ही बाजूंच्या न वितळलेल्या धातूतही शिरते. सांध्याला अगदी लागून असलेला भाग इतका तापतो की त्याचे कण फुगून मोठे होतात. त्यापलीकडच्या भागात कण उलट बारीक होतात. आणि सर्वांत बाहेरच्या कडेला, जेथे उष्णता जेमतेम पोचते, तेथे जुनी रचना अर्धी मोडते व अर्धी राहते. हा सारा उष्णताबाधित पट्टा अवघ्या काही मिलिमीटर रुंदीचा असतो. परंतु तेवढ्यात तीन-चार निरनिराळ्या प्रकृतींचे पोलाद शेजारी शेजारी नांदू लागते. काम संपल्यावर सांधा पुन्हा सुमारे ७०० अंशांवर काही तास तापवून सावकाश निववितात. त्यामुळे आतला ताण व ठिसूळपणा पुष्कळ कमी होतो. तथापि पट्ट्यातील भेद पूर्णपणे नाहीसे होत नाहीत.

असा सांधा कामावर रुजू झाला की काळ आपले काम आरंभतो. पहिला बदल म्हणजे संथ ताणले जाणे. आपल्या ग्रंथालयातील लाकडी फळीवर जाड पुस्तकांचे ओझे ठेवले तर त्या दिवशी ती सरळच दिसते. दहा वर्षांनी पाहावे तर मध्यभागी वाकलेली असते. ओझे वाढले नाही, फळी तुटली नाही. केवळ काळ लोटला. तप्त पोलादाचेही असेच होते. या क्रियेला इंग्रजीत क्रीप म्हणतात. मराठीत तिला विसर्पण म्हणता येईल. थंड पोलादात हिचा मागमूसही लागत नाही, पण ५०० अंशांच्या पुढे ती अखंड चालू असते.

दुसरा बदल कार्बाइडच्या ठिपक्यांत होतो. साखरेचा दाट पाक भांड्यात तसाच राहू दिला तर काही दिवसांनी त्यात मोठमोठे खडे जमतात. बारीक स्फटिक विरघळत जातात आणि त्यांच्यातील साखर मोठ्या स्फटिकांवर बसून ते आणखी मोठे होतात. खडीसाखरेचे खडेही असेच हळूहळू वाढतात. पोलाद घन असले तरी उष्णतेमुळे त्यातील अणू अत्यंत मंद गतीने जागा बदलत असतात. त्यामुळे बारीक ठिपके नाहीसे होतात, मोठे अधिक मोठे होतात आणि त्यांच्यातील अंतर वाढत जाते. कार्बाइडचे एकूण प्रमाण फारसे घटलेले नसते. परंतु वाट अडविणारे दगड थोडे व दूरदूर झाले, म्हणजे कणांना सरकण्यास मोकळीक मिळते. पोलाद मऊ पडते ते असे.

कधी कधी याहून विचित्र प्रकार घडतो. १९४३ च्या जानेवारीत अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या स्प्रिंगडेल वीजकेंद्रात वाफेचा मुख्य नळ एकाएकी तुटला. सुमारे पाचशे अंशांवर तो साडेपाच वर्षे चालला होता. तपासणीत असे आढळले की वेल्डिंगच्या शेजारच्या पट्ट्यात कार्बाइड मोडून त्यातील कार्बन मोकळा झाला होता आणि ग्रॅफाइटच्या रूपाने ओळीने जमला होता. ग्रॅफाइट म्हणजे आपल्या पेन्सिलीतील काळा पदार्थ होय. त्याला बळ असे ते किती असणार! पोलादाच्या भिंतीत जणू पेन्सिलीची एक रेघ आरपार ओढली गेली होती आणि त्या रेघेवर भिंत दुभंगली. त्या पोलादात मॉलिब्डेनम होते, पण क्रोमियम नव्हते. क्रोमियम कार्बनला धरून ठेवते व ग्रॅफाइट होऊ देत नाही, हा धडा या अपघाताने जगाला दिला. त्यानंतर अशा तप्त नळांच्या पोलादात क्रोमियम घालणे हा नियमच झाला.

क्रोमियमने ग्रॅफाइटचे संकट टळले, परंतु विसर्पण टळले नाही. ताणाखाली कण सरकत असता कणसीमांवर अतिसूक्ष्म पोकळ्या निर्माण होतात. आरंभी त्या मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढ्या आणि एकमेकींपासून दूर असतात. पुढे त्या एका ओळीत येतात, ओळीतील पोकळ्या मिळून बारीक भेग होते आणि अनेक भेगा मिळून उघड तडा पडतो. जर्मन तज्ज्ञ नॉयबाउअर यांनी १९८० च्या दशकात या पायऱ्यांची जी प्रतवारी केली, ती आजही जगभर तपासनीसांच्या उपयोगी पडते.

या पोकळ्या सर्वांत लवकर कोठे होतात? सामान्य समजूत अशी की जोड तुटतो तो जोडाच्या जागी. पण जुन्या नळांच्या बाबतीत पुष्कळदा तसे होत नाही. जोडातील भरणीचा धातू सुस्थितीत असतो, मूळ नळही सुस्थितीत असतो आणि तडा जातो तो उष्णताबाधित पट्ट्याच्या बाहेरील कडेला. जेथे वेल्डिंगच्या वेळी उष्णता जेमतेम पोचली होती, रचना अर्धवट मोडली होती, तीच ही कडा. तिच्यातील कार्बाइड आरंभीच जाड झालेले असतात आणि दोन्ही बाजूंच्या बळकट धातूंमध्ये ती मऊ पट्टी चेपली जाते. तज्ज्ञ या तड्याला चौथ्या प्रकारचा तडा म्हणतात. तो बहुधा पृष्ठभागाखाली सुरू होतो, त्यामुळे वरून पाहणाऱ्याला फार उशिरा दिसतो. नव्या संचांत नऊ टक्के क्रोमियमचे जे अधिक बलवान पोलाद सर्रास वापरतात, तेही या दोषापासून मुक्त नाही.

आणखी दोन बदलांचा उल्लेख केला पाहिजे. कमी क्रोमियमचे पोलाद अधिक क्रोमियमच्या पोलादाला जोडले, तर वर्षानुवर्षांच्या उष्णतेत कार्बन पहिल्यातून निघून दुसऱ्याकडे जात राहतो, कारण क्रोमियमचे त्याला आकर्षण असते. परिणामी सीमेच्या एका बाजूस कार्बनहीन मऊ पट्टी व दुसऱ्या बाजूस कठीण, ठिसूळ पट्टी तयार होते. तसेच पोलादात लेशमात्र राहून गेलेले फॉस्फरस, कथील, अँटिमनी यांसारखे पदार्थ सुमारे ३७० ते ५७० अंशांच्या दरम्यान हळूहळू कणसीमांवर जमतात आणि कणांची एकमेकांवरील पकड सैल करतात. असे पोलाद गरम असताना ठीक चालते, पण थंड झाले म्हणजे ठिसूळ होते. म्हणूनच जुने टर्बाइन बंद पडल्यावर पुन्हा चालू करताना दांडा आधी पुरेसा गरम करून मगच पूर्ण वेगाने फिरविला जातो.

हे सारे किती वेगाने घडते, याचे उत्तर तापमानाच्या हाती आहे. १९५२ साली लार्सन व मिलर या दोघा अमेरिकी अभियंत्यांनी तापमान आणि काळ यांची सांगड घालणारे एक सूत्र मांडले. तापमानाचा केल्विन अंशांतील आकडा घ्यावा, तासांच्या लॉगॅरिथममध्ये २० मिळवावे आणि दोहोंचा गुणाकार करावा. ताण तोच असेल तर हा गुणाकारही तोच राहतो. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी हे गणित अवश्य करून पाहावे. ५४० अंशांवर जो भाग १,००,००० तास, म्हणजे साडेअकरा वर्षांस थोडे कमी, टिकावयाचा, तो ५५० अंशांवर सुमारे ५०,००० तासच टिकतो, आणि ५६० अंशांवर केवळ २५,००० तास. अवघ्या दहा अंशांच्या वाढीने आयुष्य निम्मे होते! ५४० च्या पुढे दहा अंश म्हणजे शंभरात दोनहूनही कमी. परंतु त्याची किंमत सहा वर्षांच्या आसपास भरावी लागते. तापमान मोजणाऱ्या उपकरणाचा काटा जरा चुकीचा असला, तर तेवढ्याने यंत्राचे अर्धे वय कोणाच्या नकळत खर्ची पडू शकते.

नकळत खर्ची पडलेल्या या वयाचा हिशेब कधी फार क्रूर रीतीने चुकता होतो. अमेरिकेतील नेव्हाडा राज्यातल्या मोहावे वीजकेंद्रात १९८५ च्या जूनमध्ये बॉयलरकडून टर्बाइनकडे पुन्हा तापविलेली वाफ नेणारा मोठा नळ लांबीच्या दिशेने फाटला. हा नळ पोलादी पत्रा वाकवून व त्याच्या कडा उभ्या वेल्डिंगने जोडून बनविलेला होता, आणि तो फाटला तो याच सांध्याच्या ओळीत. केंद्र चालू होऊन चौदाएक वर्षे झाली होती. बाहेर पडलेल्या वाफेने सहा जणांचे प्राण घेतले. ती माणसे नळाशी खेळत नव्हती. रोजच्यासारखी कामावर आलेली होती. या दुर्घटनेनंतर उभ्या सांध्याच्या नळांची तपासणी मोठ्या प्रमाणावर सुरू झाली.

मग हे अदृश्य वार्धक्य ओळखावे कसे? नळ कापून प्रयोगशाळेत नेला तर तो कळेल, पण वापरता येणार नाही. यावर काढलेली युक्ती इतिहासाच्या विद्यार्थ्यास विशेष आवडेल. आपल्या बऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत, फारूकी सुलतानांच्या काळात कोरलेला संस्कृत शिलालेख आहे. असे लेख वाचण्यासाठी संशोधक दगड उचलून नेत नाहीत. ओला कागद त्यावर दाबून, शाई लावून त्याचा ठसा घेतात आणि तो ठसा घरी बसून वाचतात. धातुतज्ज्ञही तेच करतात. संच देखभालीसाठी बंद असताना सांध्याजवळची छोटी जागा घासून चकचकीत करतात, आम्लाने कणसीमा उठविल्या जातात, ॲसिटोनने मऊ केलेली एक पातळ पारदर्शक फिल्म तेथे दाबून बसवितात आणि वाळल्यावर अलगद सोलून काढतात. फिल्मवर कण, कणसीमा, पोकळ्या यांचा हुबेहूब ठसा उमटलेला असतो. सूक्ष्मदर्शकाखाली तो वाचला की सांध्याचे वय कळते. पृष्ठभागाखालच्या तड्यांसाठी कानाला न ऐकू येणाऱ्या सूक्ष्म ध्वनिलहरी आत सोडून त्यांचा प्रतिध्वनी तपासतात. धातूचा कठीणपणा आणि नळाचा घेर मोजून मागील नोंदींशी ताडून पाहतात. आपल्या देशाच्या बॉयलरविषयक नियमांतही, अतितप्त भागांची १,००,००० तासांनंतर अशी तपासणी करून उरलेले आयुष्य ठरवावे, अशी तरतूद आहे.

पोकळ्या विरळ असल्या तर पुढील तपासणीची तारीख ठरवून काम चालू ठेवता येते. त्या ओळीने दिसू लागल्या तर देखरेख वाढवितात. भेगा दिसल्या तर तो भाग कापून नवा सांधा घालावा लागतो. आजच्या काळात या कामाचे महत्त्व वाढलेच आहे. दिवसा सूर्यापासून मिळणारी वीज वाढल्यामुळे कोळशाच्या संचांना दुपारी भार उतरवावा व संध्याकाळी पुन्हा चढवावा लागतो. प्रत्येक चढउताराबरोबर जाड पोलाद आतून व बाहेरून कमीअधिक तापते, आकुंचन-प्रसरण पावते, आणि विसर्पणाने आधीच थकलेल्या सांध्यांवर हा नवा ताण पडतो.

आपल्यापैकी काही विद्यार्थी पुढे वेल्डर होतील, काही अभियंते, तर काही अशाच एखाद्या केंद्रात रात्रपाळीला बसून दर तासाला तापमानाची नोंद करतील. ही कामे वरवर पाहता सामान्य वाटतात. परंतु सांधा घालताना दिलेली उष्णता, तो निववताना पाळलेला धीर आणि नोंदवहीत खरेपणाने लिहिलेला आकडा, या तीन गोष्टींवर पंधरा-वीस वर्षांनंतर त्या नळाजवळून जाणाऱ्या कोणा अनोळखी माणसाचे प्राण अवलंबून असतात. पोलाद बोलत नाही, तक्रार करीत नाही आणि थकल्याची खूणही सहजासहजी दाखवीत नाही. त्याच्या वतीने हिशेब ठेवणे हे माणसाचेच काम आहे.